दोन्ही हातांची घंटा

मयताची घंटा एका हाताने वाजवायची असते. एक टोला द्यायचा, मनात दहा मोजायचे, मग दुसरा. एकतीस वर्षं शलमोनने ती तशीच वाजवली होती. आज सकाळी साडेसातला त्याने चर्चच्या घंटेचा दोर दोन्ही हातांनी धरला आणि ईस्टरच्या पहाटे येशू उठल्याच्या आनंदात वाजवतात तशी घंटा दणदणा वाजवायला लागला.

त्याची बायको मायाक्का पहाटे पाचला दवाखान्यात वारली होती. मयत अजून घरी यायचं होतं.

पाळक अनिलकुमार धावत आले. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती.

"शलमोन, थांबा! अहो, ही ईस्टरची घंटा आहे!"

शलमोन थांबेना. मग पाळकांनी उजव्या हाताने सरळ दोरच पकडला. घंटेने अर्धामुर्धा टोला दिला आणि ती गप्प झाली.

"तुमचं दुःख मला कळतंय," पाळक म्हणाले. "पण रीत आहे. चर्चची पंचकमिटी मला जाब विचारेल. उद्या हा दोर दुसऱ्याच्या हातात गेला, तर मला बोल लावू नका."

"न्हाय लावत."

"आणि लोकांना कळायला नको का, मयत झालीय ते?"

"पाळकसाहेब, दर मयतीला कबरीपाशी हुबं राहून तुमी काय सांगता? मरण हरलं म्हनून सांगता. मी मागं फावडं घिऊन आमेन म्हनतो. हरलं असंल, तर आपली घंटा त्याच्या तालावर का वाजवायची?"

पाळकांकडे उत्तर नव्हतं असं नाही. पण ते प्रवचनातलं होतं, आणि त्याला अर्धा तास लागला असता. दोर मात्र त्यांनी सोडला नाही.

शलमोन काही मोठा विश्वासवीर नव्हता. पहाटे मायाक्काचे तळपाय हातात धरून बसला, तेव्हा त्याच्या तोंडून प्रार्थनेचा एक शब्द फुटला नव्हता. पाय गार पडत गेले आणि तो नुसता बघत राहिला. तोंडाला जे जमलं नाही ते हातांना जमतंय का, हे बघायला तो इथे आला होता. हातांनीही दगा दिला असता, तर एकतीस वर्षांचं आमेन खोटं ठरलं असतं.

तेवढ्यात फाटक वाजलं. चर्चच्या भिंतीला लागून लालसाबची पिठाची गिरणी होती. त्याची बायको गुलबानो पळत आत आली. तिची उजवी मूठ गच्च मिटलेली होती.

गल्लीतल्या सगळ्यांनाच या घंटेची भाषा समजायची. ती संथ वाजली की चन्नप्पा वाणी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचा. जलद वाजली की काहीतरी चांगलं घडलेलं असायचं. दोन महिने गुलबानोने मायाक्कासाठी दवाखान्यात डबा पाठवला होता. ती बरी होऊन आली की साखर वाटीन, असं बोललीही होती. आज जलद घंटा कानावर पडली आणि तिने साखरेच्या डब्यात हात घातला.

"आली का मायाक्का, भाई?" ती धापा टाकत म्हणाली. "अल्लानं ऐकलं की माझं!"

असं काही होईल हे शलमोनच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"गेली, गुलबानो. पाच वाजता."

गुलबानोने एकदा घंटेकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"मग ही घंटा?"

"बघा," पाळक हळूच म्हणाले. "म्हणूनच रीत असते."

क्षणभर शलमोनलाही ते पटलं. या बाईला आपण उगाच हसवलं आणि मग रडवलं, याची त्याला लाज वाटली. मान खाली घालून, दोर सोडून निघून जावं असं वाटलं. पण तो हलला नाही.

"मेली, ते खरं हाय," तो म्हणाला. "मी खोटं न्हाय सांगत. पर ती मातीतच राहनार न्हाय, उठनार हाय. त्ये बी तेवढंच खरं हाय. मी न्हाय सांगितलं तर कुनी सांगायचं? तिचा नवरा हाय मी."

"तुमी तर रडताय की, भाई."

"व्हय. रडतोय बी, वाजवतोय बी."

गुलबानोने पदराने डोळे पुसले आणि ती जायला वळली.

"साखर माघारी नेऊ नगंस," शलमोनने तळहात पुढे केला. "वाटीन म्हनली हुतीस. वाट."

ती घुटमळली. मग तिने मूठ उघडली. घामाने साखर ओलसर झाली होती, ती तिने त्याच्या हातावर झटकली. शलमोनने निम्मी तोंडात टाकली. ती गोड लागली, याचा त्याला जरा रागच आला. उरलेली साखर त्याने पाळकांपुढे धरली.

"घ्या, पाळकसाहेब."

कुणी पुढे केलेली साखर नाकारायची नसते, आणि डाव्या हाताने तर घ्यायचीच नसते. पाळकांचा उजवा हात दोरावर होता. त्यांनी शलमोनकडे पाहिलं, गुलबानोकडे पाहिलं, आणि उजवा तळहात पुढे केला.

शलमोनने साखर त्यावर ओतली. मग मोकळा दोर दोन्ही हातांनी धरला.