साहेबाचं वजन

१३

काट्यावर तेराचा आकडा आला तसं तिने आधी काट्याकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे. दोघांपैकी कुणीतरी एक खोटं बोलत होतं.

"घरी तर नऊच भरतो," ती म्हणाली.

कुत्र्याचं नाव साहेब. सकाळी त्याच्या शीमध्ये जंत वळवळताना दिसले, तेव्हापासून तिचा संशय बाबांवर होता. महिन्याच्या एक तारखेला साहेबाला गोळी द्यायची, हे काम बाबांचं. गोळी एकच, पण पोटातल्या जंतांपासून डासाच्या चाव्यातून थेट हृदयात जाऊन बसणाऱ्या जंतांपर्यंत सगळ्यांचा बंदोबस्त करणारी. बाबा विसरत असणार. नाहीतर साहेबाने तोंड वेडंवाकडं केलं की दया येऊन कुंडीत पुरत असणार. तिने निघण्यापूर्वी कुंड्याही उकरून पाहिल्या होत्या.

"गोळी देत असाल हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण ही अकरा किलोपर्यंतच्या कुत्र्याची. साहेब कधीच पुढे गेलेत. एवढीशी गोळी त्यांना कशी पुरणार?"

"तुमचा काटा तपासलाय का कधी?"

५

डॉक्टरीणबाई हसल्या. कोपऱ्यातली कुत्र्यांच्या खाण्याची पाच किलोची सीलबंद पिशवी उचलून त्यांनी काट्यावर ठेवली. पाच. ना कमी, ना जास्त.

"आता पिशवीवरही संशय घेणार का, ताई?"

घेतला होता.

६१

घरच्या छोट्या काट्यावर साहेब एकटा उभा राहील तर शपथ. म्हणून घरी बाबा त्याला उचलून घ्यायचे, वजनकाट्यावर चढायचे, आणि येईल त्या आकड्यातून ती बाबांचे बावन्न वजा करायची. बावन्न कधी कुणी तपासले नव्हते. "लग्नात बावन्न होतो, जाईन तेव्हाही बावन्नच," हे बाबा आल्यागेल्याला ऐकवत.

ती घरी परतल्यावर आजही ते साहेबाला घेऊन चढले. आकडा सहा महिन्यांपूर्वी होता तोच. एकसष्ट.

"बघ! नऊ म्हणजे नऊ!" बाबांचा चेहरा फुलला. "त्या बाईला मोठ्या गोळ्या खपवायच्यात. तू म्हणजे अगदीच भोळी आहेस बघ."

ती आकड्याकडे बघत राहिली. एकसष्टातून तेरा. मग तिची नजर वर सरकली, बाबांच्या पायजम्याच्या नाडीवर. नाडीची टोकं गुडघ्यापर्यंत लोंबत होती.

"बाबा, साहेबाला खाली ठेवा."

"ठेवतो की. उतरू तर दे."

"उतरायचं नाही. फक्त त्याला ठेवा."

बाबांनी साहेबाला आणखी छातीशी धरलं. "अगं, घाबरतो तो काट्याला."

"तो नाही घाबरलेला, बाबा."

४८

आकडा दोघांनीही वाचला.

साहेबाला त्याचं काही नव्हतं. खाली टेकताच तो तुरुतुरु स्वयंपाकघरात गेला. जेवायची वेळ झालेली नव्हती, टेबलावर ताट नव्हतं. तरी तो बाबांच्या खुर्चीखाली जाऊन बसला आणि रोजच्यासारखा, तोंड वर करून, वाट बघू लागला.