डाव्या हाताचं बीपी

बेल वाजली. खिडकीजवळची खाट, म्हणजे आजोबाच. सिस्टर निघाली. निघाली कसली, पाय ओढत गेली. शेजारच्या वॉर्डातली सिस्टर नोकरी सोडून गेली होती. तिच्या जागी आज कोणी येईल, उद्या येईल म्हणता म्हणता दोन्ही वॉर्ड हिच्याच गळ्यात पडले. त्यात ‘सिस्टर बसून असतात’ अशी कुणा नातेवाइकाने तक्रार केली, तर वरच्यांनी काउंटरमागच्या खुर्च्याच उचलल्या. पुन्हा कोणी बसलेलं दिसलं तर घरी बसा, असं बजावलंही. बदली माणूस एक मिळेना, खुर्च्या न्यायला मात्र चौघं आले होते.

आजोबांनी बीपी बघायला सांगितलं. पुन्हा! नातेवाइकांच्या स्टुलावर ती टेकली, दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला. बीपी छान होतं. सकाळीही छानच होतं. ती उठायला लागली तसा आजोबांनी दुसरा हात पुढे केला. डाव्या हाताचंही बघा म्हणाले, आणि सावकाश बघा, घाईत चुकतं.

मग मात्र तिचा तोल सुटला. “आजोबा, तिकडे दहा जण वाट बघतायत. तुम्हाला काही झालेलं नाही. कशाला जीव खाता माझा?”

तिला स्वतःचीच लाज वाटली. अशी नव्हती ती. एके काळी म्हातारी माणसं तिच्याशिवाय कुणाच्या हातून गोळी घ्यायची नाहीत. आजोबांचा हात अजून पुढेच होता. शेवटी तिने डाव्या हाताचंही बघितलं. तेही छान होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांना घरी सोडलं. त्यांचा मुलगा सामान घेऊन खाली गेला तेव्हा, खोटं कशाला बोला, तिला हायसंच वाटलं. चला, एक बेल कमी झाली.

औषधांचा ट्रे घेऊन ती शेजारच्या वॉर्डातून परत आली, तर पडद्यापलीकडे आजोबांचा आवाज. अजून गेले नव्हते. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना हळू आवाजात काहीतरी समजावत होते, ड्यूटी बदलताना सिस्टर एकमेकींना समजावतात तसं.

“जेवणं झाली की एकदा बेल दाबायची, चहाच्या आधी एकदा. पाय सुजतात तिचे. नुसतं बस म्हटलं तर बसत नाही, भिते. बीपी बघ म्हटलं की बसावं लागतं.”

“आणि लगेच उठायला लागली तर?” गृहस्थांनी विचारलं.

ट्रे हातात धरून ती पडद्याअलीकडे तशीच उभी राहिली.

“मग दुसरा हात पुढे करायचा,” आजोबा म्हणाले. “चिडते. चिडू द्या. तेवढा वेळ बसलेली तरी असते.”