मागच्या चाकाची तार

मागच्या चाकाची तार तिसऱ्यांदा तुटली, तेव्हा धरमपेठेतल्या सायकलवाल्याने भर दुकानात चारुशीलाला सुनावलं, "ताई, चाक चांगलं हाये. तुम्हीच वजन कमी करा." सोबत आलेला तिचा काडीपैलवान नवरा मधुसूदन खो खो हसला. "बाकीच्या तारा कसून पाहा ना," असं ती सांगत राहिली, पण कोणी मनावर घेतलं नाही.

चार दिवसांनी मधुसूदन तिच्या सायकलवर तर्री-पोहे आणायला गेला आणि पुन्हा तार तुटली. तिला घेऊन तो तणतणत दुकानात शिरला. "काय भंगार चाक देऊन राहिले तुम्ही!"

सायकलवाल्याने तारा बोटाने दाबून पाहिल्या आणि तो ओशाळला. "सॉरी सर, साऱ्याच ढिल्ल्या हायेत. आत्ता कसून देतो."

चारुशीला कडाडली,


"काहून गा, यांले नाही सांगत वजन कमी करायले?"