एकालाच प्रवेश

मैत्रेयीला शाळेत ताप भरल्याचा फोन आला, तेव्हा आसावरी विमा ऑफिसातली मीटिंग अर्धवट टाकून तशीच निघाली. जयपूरच्या भर दुपारच्या उन्हात ती शाळेच्या फाटकाशी पोचली, तर वॉचमनने हात आडवा केला.

“मॅडमजी, कोरोना का नियम है. एक बच्चे के लिए एक ही जन. बच्ची ने जिनका नाम लिया, वो अंदर गई हैं.”

“अहो, मी आई आहे तिची!” आसावरी भान विसरून मराठीतच ओरडली.

तेवढ्यात आतून सलोनी येताना दिसली. घटस्फोटानंतर आसावरीच्या नवऱ्याने केलेली दुसरी बायको. मैत्रेयी तिच्याकडे जायची ती फक्त रविवारी. बाकीचे सहा दिवस डबा, वेण्या, अभ्यास, हट्ट, सगळं आसावरीच्या वाट्याला. आणि अंगात ताप चढल्यावर पोरीच्या तोंडी नाव आलं ते हिचं! सलोनीच्या कमरेला घट्ट बिलगून चालणारी लेक बघून आसावरीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

फाटक उघडताच तिने पुढे होऊन हात पसरले. मैत्रेयी झटकन सलोनीच्या मागे लपली.

“नको ना आई, जवळ नको येऊस,” मास्कआडून ती रडवेल्या आवाजात म्हणाली. “आंटीला मागच्या महिन्यातच कोरोना होऊन गेलाय, तिला आता परत नाही होणार. तुला काही झालं तर, मतलब, मी घरी कोणाकडे जाऊ?”