मांडवातली एसटी

प्रीतीच्या लग्नाच्या मांडवासमोर उमरेडहून आलेली एसटी येऊन थांबली, तेव्हा नवरदेवाचा अजून पत्ता नव्हता. एसटीच्या मागे ट्रक, ट्रकच्या मागे टेम्पो, आणि त्यांच्या मागे नजर पोचेल तिथवर गाड्याच गाड्या.

मांडव रस्त्यात आडवा घातलेला होता. नाही तर कुठं घालणार? हायवे गावाबाहेर गेल्यापासून या जुन्या डांबरावर मिरच्या वाळायच्या, पोरं क्रिकेट खेळायची, आणि लग्न कोणाचंही असो, मांडव इथंच पडायचा.

"बायपासवर कंटेनर उलटला," एसटीची चालक दामिनी खिडकीतून ओरडली. "पोलिसांनी सगळ्यायले इकडूनच वळवलं. मांडव काढा, दादा."

"काहून काढू? पोरीचं लग्न हाय माह्या," प्रीतीचा बाप प्रशिक पांढरा सदरा सावरत पुढं झाला. "तुमीच गाडी मागं घ्या."

"मागं पाहा ना जरा. कुठं घेऊ?"

मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून प्रीतीचा आजोबा बसला होता. लहानू त्याचं नाव. सारी नोकरी त्यानं एसटी चालवण्यात घालवली होती. तो लहान असताना हा रस्ता तळ्याच्या पाळीवरून जायचा आणि पावसाळ्यात हमखास बंद पडायचा. मग तो गावातून, थेट लहानूच्या दारावरून काढला. पुढं रुंद केला, त्यात लहानूचं अंगण गेलं, दोन कडुनिंब गेले. लहानूनं फार मनाला लावून घेतलं नाही. गाडी चालवता चालवता स्वतःचं घर दिसतं, हे सुख किती चालकांच्या नशिबी असतं? पण तो रिटायर झाला त्याच उन्हाळ्यात रस्ता इथून उठला आणि शेतांतल्या बायपासवर जाऊन बसला. त्यानंतर या दारात एसटी उभी राहिली ती आजच. तिची थरथर खुर्चीच्या पायांतून त्याच्या अंगात चढत होती आणि समोरचं भांडण त्याला धड ऐकूही येत नव्हतं.

ओसरीवरच्या स्टेजवर बौद्धाचार्य चुळबुळ करत होते. त्यांना इथून नागपूरला मनीषनगरात दुसरं लग्न लावायला जायचं होतं.

तेवढ्यात प्रशिकचा फोन वाजला. नवरदेव, धम्मदीप. प्रशिकनं घाईघाईनं स्पीकर लावला.

"मामाजी, आमची गाडी बायपासवर फसली. मी अन् आई एसटीत चढलो. पण एसटीच थांबून राहिली. इतकी गर्दी हाय, का बाहेरचं काही दिसत नाही. कोण्यातरी येड्यानं रस्त्यात मांडव टाकला म्हणते."

प्रशिकनं फोनकडं पाहिलं. मग एसटीकडं पाहिलं.

"जावईबापू," तो म्हणाला, "तो येडा मीच व्हय."

आधी मांडव हसला, मग एसटी हसली. "अरे, नवरदेव आपल्यातच हाय!" आतून कोणीतरी ओरडलं. दामिनीनं स्टेअरिंगवर कपाळ टेकलं आणि खदाखदा हसली.

"घ्या उतरवून तुमचा नवरदेव," डोळे पुसत ती म्हणाली. "पण माह्या गाडीचं काय?"

लहानू उठला.

"मांडवाच्या बाहेर काहून उतरवाचं त्याले? गाडी आत येऊ दे."

"बाबा, मांडव फाटन!"

"कापड हाय ते. वर उचला."

लोकांनी भराभर खुर्च्या कडेला ओढल्या. छताच्या दोऱ्या सैल केल्या. ज्याच्या हाती बांबू लागला त्यानं तो छताला लावला. लहानू एसटीसमोर उभा राहिला आणि दोन्ही हात हलवत मागं मागं सरकू लागला. "येऊ दे... येऊ दे... थोडी डाव्या अंगाले... येऊ दे, पोरी."

"आबाजी, पडसान!" म्हणत प्रीती स्टेजवरून धावत आली. आजोबा ऐकेनात. एक कोपरा खाली लोंबत होता. तिनं पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि स्वतःच बांबू उचलला.

कापड टपावर घासत, झेंडूच्या माळा अंगावर ओढत एसटी बरोबर मांडवाच्या मधोमध आली. एका खिडकीला गाल चिकटलेला धम्मदीप होता. सदरा पार चुरगळलेला. बाहेर त्याची नवरी दोन्ही हातांनी मांडव तोलून उभी होती.

"लय वेळ झाला का वं?" त्यानं विचारलं.

"उतर आता. हात दुखून राहिले माहे."

दामिनीनं इंजिन बंद केलं. खिडक्या-खिडक्यांतून फुलं वाटली गेली. मागचे हॉर्न सुरुवातीला तावातावानं वाजले, मग गोष्ट गाडीगाडीनं मागं पोचली तसे थांबले. त्रिशरण-पंचशील सुरू झालं तेव्हा ट्रकवाले खाली उतरून हात जोडून उभे होते. उमरेड ते नागपूर तिकीट काढलेल्या लोकांनी नवरानवरीवर फुलं उधळली, ती एसटीच्या खिडक्यांतून.

पुढं एसटी निघाली, टपावर झेंडूच्या माळा घेऊन. तिच्या मागं एकेक गाडी मांडवाखालून सरकू लागली. प्रत्येक खिडकीत प्रशिक बुंदीचा लाडू देत होता. प्रीतीच्या हातातला बांबू आता लहानूनं घेतला होता.

छत्तीसगडचा एक ट्रक आला. चालकाच्या मांडीवर मोबाइल होता.

"बाबाजी, ये कौनसा रोड है? मॅप में तो दिख नहीं रहा."

"हायवे है, बेटा," लहानू म्हणाला. ट्रक जरा उंच होता. त्यानं टाचा उचलल्या आणि मांडव आणखी वर केला.