बेस बंद ठेवा

"काकाचा बेस बंद ठेवा. हॉलमध्ये ऐकूच यायला नको," ती म्हणाली.

साउंडवाल्याने बटणांवरची नजर उचलली. "आणि त्यांना कळलं तर?"

"कसं कळेल? प्रत्येकाच्या पायाशी लहान स्पीकर असतो ना, त्यात त्याचं त्याला ऐकू येऊ दे. हॉलपुरतं बंद."

मान हलवून तो पुन्हा वायरी जोडू लागला. गावातले सगळे बँड याच हॉलमध्ये वाजवत. कुणाचं कुणाशी बिनसलंय हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याच्याइतकं गप्पही कुणी नव्हतं.

बँड तिघांचा. ती गायची आणि गिटार वाजवायची, ढोल्या ड्रम बडवायचा आणि बेस गिटारवर तिचा सख्खा काका. 'पुतणी आणि मंडळी' असं बाकीच्या बँडवाल्यांनी नाव पाडलं होतं. पहिली गिटार काकानेच तिच्या हातात दिली. सरावाला गॅरेज दिलं आणि स्वतःची गाडी उन्हात उभी केली. उपकार खरेच, पण उपकारांनी ताल सांभाळला जात नाही. काका हल्ली अर्धा ठोका मागे असतो, असं तिचं मत. आणि आज रेकॉर्ड कंपनीच्या बाई येणार होत्या. गावातून एकच बँड उचलणार होत्या.

काकाच्या तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून हा आडमार्ग.

कार्यक्रम रंगला. काका डोळे मिटून, मान डोलवत वाजवत होता. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. मग टाळ्या आल्या आणि तिने खुशाल त्याच्याकडे पाहिलं.

बाई स्वतः स्टेजमागे आल्या. "बाकीचे नुसती गर्दी करतात. तुम्ही किती मोकळं सोडता! गळ्याला कसला आडोसाच नाही. हे धाडस मला हवंय. पुढच्या महिन्यात रेकॉर्डिंगला या."

"काका, पार्टी तुमच्याकडून!" ढोल्या ओरडला आणि बाईंना पोचवायला धावला.

यशाने जीभ सैल होते. तिचीही झाली.

"काका, तू रेकॉर्डिंगला येऊ नकोस. आज तुझा बेस हॉलमध्ये वाजलाच नाही. मीच बंद करायला लावला होता. कुणाच्या लक्षातही आलं नाही."

बॅगेची चेन लावता लावता काका थांबला.

"तुला तुझी गिटार नीट ऐकू येत होती ना?"

"हो. स्वच्छ."

"मग झालं तर." तिच्या डोक्यावर टपली मारून तो बॅग घेऊन निघाला. भांडण नाही, रुसवा नाही. सुंठीवाचून खोकला गेला.

ती हलक्या पावलांनी साउंडवाल्याकडे आली. तो वायर गुंडाळत होता.

"बघितलंत? बेस काढला आणि बाईंना नेमकी तीच मोकळी जागा आवडली."

"नुसता बेस काढून जागा एवढी मोकळी होत नाही," वायर गुंडाळणं न थांबवता तो म्हणाला. "तुझी गिटार काकांनी पहिल्या कार्यक्रमापासूनच बंद ठेवायला लावली आहे. गाताना हात भरकटतो म्हणाले, पण पोरीला कळू देऊ नका, गळा आखडेल तिचा."