एकमताचा ठराव

द्वारकाबाई धापा टाकत ग्रामसभेला पोचली, तेव्हा सतरंजीवर एकटे ग्रामसेवक बसले होते. आता सगळ्यांची मतं यंत्रच देई. जुन्या सभांत कोण काय बोललं, त्यावरून ते प्रत्येकाचा कौल ठरवी.

"भाऊसाहेब, शाळा बंद करू नका. माझी नात रोज घाट कशी उतरेल?"

"ठराव झाला, मावशी. एकमताने. तुमचंही मत आहे त्यात."

"मी कधी दिलं?"

त्यांनी तिचाच जुना आवाज लावला. "सगळ्यांचं तेच माझं."

"आणि बाकीच्यांचं?"

त्यांनी एकेक आवाज लावला. शेजारीण, जाऊ, पोलीस पाटील, सगळे तेच म्हणत होते. 'शाळा बंद करा' असं एकटे सरपंच म्हणाले होते.

द्वारकाबाई सतरंजीवर टेकली. वीस वर्षं ती इथेच, पदर सावरत, मान डोलवत बसली होती.